विजयदुर्गाचं अर्धं तिकीट

अप्पाराव बिरादारांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. जन्म उदगीरकडच्या खेड्यात, हयात हैदराबादेत, आणि नोकरी सिटी बसमध्ये कंडक्टरची. मोठं पाणी म्हणून जे काही पाहिलं ते हुसेनसागर, तेही चालत्या बसमधून आणि एक डोळा सुट्ट्या पैशांवर ठेवून. अशा माणसाच्या अंबरपेठेतल्या दोन खोल्यांत आगबोटींची तीनशेच्या वर जुनी तिकिटं आहेत, हे ऐकलं की लोक आधी हसत आणि मग बघायला मागत. त्यांची बायको जयवंता मात्र नुसतीच हसायची. "पोहाया येत न्हाई, मासळीचा वास सोसत न्हाई, आन् बोटीचे तिकिटं कामून जमवायलेत कुणास ठाऊक!" हे ती प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवायची.

हे खूळ लागलं तेसुद्धा बसमध्येच. अडुसष्ट साल असेल. आबिड्सहून निघालेल्या खच्चून भरलेल्या गाडीत एका तेलुगू म्हाताऱ्याने पैशांऐवजी खिशातलं एक पुठ्ठ्याचं कार्ड पुढे केलं. अप्पारावांनी सवयीने ते पंचात धरलं, टक्कन भोक पाडलं आणि परत देऊन टाकलं. गाडी डेपोत रिकामी झाली तेव्हा ते कार्ड सीटवर पडलेलं दिसलं. उचलून पाहतात तर ते बसचं नव्हतंच. गोदावरीतल्या वाफेच्या लाँचचं होतं, राजमहेंद्रीहून वरच्या अंगाला जायचं, चाळीस वर्षांपूर्वीचं. म्हाताऱ्याने ते इतकी वर्षं कशासाठी जपलं असेल, हे विचारायला म्हातारा पुन्हा भेटला नाही. चाळीस वर्षं धड राहिलेल्या वस्तूला आपण एका झटक्यात भोक पाडलं, ही गोष्ट अप्पारावांच्या मनाला जी लागली ती कायमची. तेव्हापासून जुन्या तिकिटाला कोणी नुसतं बोट लावलं तरी ते गर्दीच्या वेळच्या आवाजात खेकसायचे.

पहिली वीस-बावीस वर्षं तिकिटं मिळत, पण थेंबाथेंबाने. एक्याण्णव सालानंतर मात्र दिवस पालटले. देश खुला झाला असं पेपरात येत होतं. अप्पारावांच्या लेखी खुल्या झाल्या त्या लोकांच्या ट्रंका. जुनी घरं पाडून अपार्टमेंट उठू लागली, दिलसुखनगरात कोचिंग क्लासच्या पाट्यांना भिंती पुरेनात, आणि नव्या फ्लॅटमध्ये जाणाऱ्या माणसाला रंगीत टीव्हीला जागा लागायची, सासऱ्याच्या पुस्तकांना नाही. ती पुस्तकं रद्दीत जात आणि रद्दीतून रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर येत. तिथे अप्पाराव सकाळी सातलाच हजर. पुस्तक कोणत्याही भाषेतलं असो, ते उलटं धरून झटकायचं. आत खूण म्हणून ठेवलेलं तिकीट पडलं तर पुस्तक घ्यायचं, नाहीतर परत ठेवायचं. फुटपाथवरचे विक्रेते त्यांना ओळखून होते. "आओ कंडक्टर साब, झटको!" म्हणून गठ्ठाच पुढे सरकवायचे.

तिकीट वाचायची त्यांची रीत कंडक्टरचीच होती. कोकणच्या बोटीवर चढताना तिकिटाला भोक पाडत, आणि बंदरात उतरताना ते काढूनच घेत. म्हणजे जो माणूस सुखाने घरी पोचला त्याचं तिकीट उरतच नाही. आज जे हाती लागतं ते कुठेतरी बिनसलेल्या प्रवासाचं. भोक असलं तर माणूस चढला, पण उतरताना काहीतरी गडबड झाली. भोक नसलं तर तो चढलाच नाही. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो असायलाही हरकत नाही.

तिकिटं लावायची पद्धतही डेपोतून आलेली. गाडी जिथून सुटते त्या गावाखाली तिची नोंद. तसा ज्या बंदरातून बोट सुटते त्या बंदराचा अल्बम. मुंबईचा एक, रत्नागिरीचा एक, राजमहेंद्रीचा एक. विजयदुर्गाचा अल्बम सगळ्यात बारीक होता, पण त्यात त्यांचा हिरा होता: विजयदुर्ग ते मुंबई, लहान मुलाचं अर्धं तिकीट, पूर्ण कोरं. मुंबईचे मुकुंदराव नावाचे एक मोठे संग्राहक ह्या तिकिटासाठी तीनदा पत्र लिहून चुकले होते. 'असं भोक न पडलेलं अर्धं तिकीट मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवीन, खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात,' असं तिसऱ्या पत्रात होतं. तीस वर्षं ज्याला लोकांनी 'ओ कंडक्टर' एवढंच म्हटलं, त्याला आपलं नाव मोठ्या अक्षरात हवंसं वाटलं तर नवल नाही. अप्पारावांनी मनातून तिकीट देऊन टाकलं होतं. पत्र टाकायचं तेवढं राहिलं होतं.

आता त्यांची खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. अप्पारावांना नुसतं तिकीट दाखवून भागायचं नाही. प्रत्येक तिकिटामागे एक गोष्ट लागायची, आणि गोष्ट मिळाली नाही की ते ती रचायचे. तिकीट खरं, गोष्ट पदरची. ऐकणारे पोट धरून हसले की पुढच्या वेळी तीच गोष्ट थोडी फुगायची. "कुणाच्या बी बापाची टिंगल करतावं तुम्ही," असं जयवंता म्हणाली होती एकदा. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत, ते निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, मराठी वाचनालयाने त्यांच्या तिकिटांचं प्रदर्शन भरवलं. रविवारची दुपार, तीस-चाळीस माणसं, टेबलांवर निळा कागद. अप्पारावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि हातात नोकरीतला जुना पंच धरला होता; तो हवेत टकटक वाजवला की मुलं गोळा होत. मधल्या टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडं मांडलं होतं. मिलच्या बॉयलरचं काहीतरी, आत चित्रंच चित्रं. पुस्तकाला हिरव्या लुगड्याच्या तुकड्याचं हाताने शिवलेलं कव्हर होतं. त्या पुस्तकात सापडलेलं मुंबई ते विजयदुर्ग तिकीट पानावर ठेवलेलं होतं. मोठ्या माणसाचं, भोक नसलेलं, मागच्या शिक्क्यावर छत्तीस सालचा मार्च.

"हे गृहस्थ बघा," भोकाचा आणि उतरताना तिकीट काढून घ्यायचा नियम सांगून झाल्यावर अप्पाराव रंगात आले. "शिमग्याला गावी जायला निघाले. तिकीट काढलं, धक्क्यावर आले, बोटीचा भोंगा बी झाला. आन् नेमकं तेव्हा बायकोचं थोबाड आठवलं!" लोक हसले. "म्हणले, नक्को बाबा! तिकिटाचे पैसे गेले तर गेले. मुंबईतली बरी आहे आपली. आन् जे पळाले मियाँ, ते आजपर्यंत गावाकडं फिरकले नाहीत!" त्यांनी पंच हवेत टकटक वाजवला. हशा मोठा झाला.

पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई उभी होती. फिकट निळं पातळ, चष्मा, सडपातळ अंग. ती हसली नाही. तिने पुढे होऊन पुस्तकाच्या हिरव्या कव्हरवर हात ठेवला, आणि अप्पाराव खेकसायच्या बेतात असतानाच म्हणाली, "हे लुगडं माझ्या आईचं आहे. हे पुस्तक माझ्या वडिलांचं."

बाईंचं नाव मालनबाई. नवरा सिकंदराबादच्या रेल्वे कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा विवेक कंप्यूटर कंपनीत, आणि दोन वर्षांपूर्वी ते सगळे जुनं घर सोडून दिलसुखनगरच्या फ्लॅटमध्ये गेले. त्या हलवाहलवीत ट्रंक रद्दीत गेली, ती अशी. हे तिने ओरडून सांगितलं नाही, की रडून. विचारलं तेवढंच सांगितलं. मग तिने विचारलं.

"भाऊ, ह्या तिकिटाला भोक नाही म्हणजे ते बोटीत चढलेच नाहीत, हे नक्की का?"

खोटं बोलायला हीच वेळ होती, पण गोष्टी रचणाऱ्या माणसाला नेमकी त्या वेळी एकही गोष्ट सुचली नाही. "नक्की," ते म्हणाले. "चढले असते तर भोक असतं."

"मग आत्या म्हणायची ते खरंच होतं," मालनबाई म्हणाली. आणि विवेकचा हात धरून बाहेर गेली. पुस्तक मागितलंसुद्धा नाही.

आत्या काय म्हणायची, ते विवेक पाच मिनिटांनी परत येऊन सांगून गेला. तो रागावला होता आणि त्याचा राग वाजवी होता. मालनची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची. वडील मुंबईला मिलमध्ये बॉयलरवर. मुलीला विजयदुर्गाजवळ आपल्या बहिणीकडे ठेवलेली. मालन सात वर्षांची असताना त्यांचं पत्र आलं की शिमग्याला येतो आणि मालूला मुंबईला घेऊन जातो. बोटीच्या दिवशी ती बंदरावर गेली. बोट आली, माणसं पडावाच्या लहान होड्यांतून उतरली, वडील नव्हते. पुढच्या बोटीलाही नव्हते. पंधरा दिवसांनी ते तापाने गेल्याचं कळलं आणि त्यांच्या ट्रंकेत हे पुस्तक आलं. ताप कधी आला, शिमग्याआधी की नंतर, ते कुणी कळवलं नाही. आत्या मात्र भाकरी वाढताना हटकून म्हणायची, तुझ्या बापाला तू नको होतीस, म्हणून तो आला नाही. "साठ वर्षं ती हे मनात ठेवून आहे," विवेक म्हणाला. "इंग्रजी पुस्तक, तिला वाचता येत नाही, तरी ट्रंक उघडून त्या कापडावरून हात फिरवायची. आणि आज तुम्ही लोकांना हसवलंत." मग काही न ऐकता तो निघून गेला.

अप्पारावांनी टेबलं आवरली ती कशी, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. घरी आले, तिकिटांची पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. जयवंताने चहा आणला तो तसाच निवला. सगळं ऐकून ती नेहमीसारखी बोलली नाही, ह्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुम्ही रजिस्टर ठेवता ना? कोन्त्या पुस्तकात काय सापडलं त्याचं? बघा की, त्या पुस्तकात आनखी काई होतं का. चिठ्ठी, फोटू. लेकीसाठी काई तरी ठेवलंच असेल बापानं."

अप्पारावांनी रजिस्टर काढलं. पुस्तक नंबर एकेचाळीस, बॉयलरचं, आबिड्स, मे चौऱ्याण्णव. पुढे त्यांच्याच अक्षरात: 'तिकिटं तीन.' तीन! त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'मुंबई–विजयदुर्ग पूर्ण एक. विजयदुर्ग–मुंबई पूर्ण एक, अर्धं एक.'

एकाच पुस्तकातून एकाच सकाळी तीन तिकिटं निघाली होती, आणि त्यांनी ती डेपोच्या शिस्तीने लावून टाकली होती. मुंबईहून सुटणारं मुंबईच्या अल्बममध्ये, विजयदुर्गाहून सुटणारी दोन विजयदुर्गाच्या. दोन वर्षं त्या अर्ध्या तिकिटाला हिरा हिरा म्हणून पाहुण्यांसमोर मिरवलं, आणि ते कुठल्या पुस्तकातून आलं हे एकदाही बघितलं नाही. बापाला एका अल्बममध्ये आणि लेकीला दुसऱ्या अल्बममध्ये ठेवून ते वर बापावर विनोद करत होते.

त्यांनी विजयदुर्गाचा अल्बम उघडून दोन्ही तिकिटं उलटी केली. मागे मुंबईच्या ऑफिसचा शिक्का, छत्तीस सालचा मार्च, तीच तारीख. विजयदुर्गाच्या तिकिटावर मुंबईचा शिक्का कसा, हे कोडं त्यांना पूर्वीही पडलं होतं. त्यांनी ते छपाईची चूक म्हणून सोडून दिलं होतं. आता चूक कोणाची ते कळलं. जयवंताच्या हातात त्यांनी ते अर्धं तिकीट दिलं. कधी नव्हे ते दिलं, आणि ती कसं धरते तेही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिलसुखनगरला पोचले. वाचनालयातून पत्ता घेतला होता. पिशवी कालचीच, तशीच उचललेली. चौथा मजला, लिफ्ट नवी, आत आरसा. दार विवेकने उघडलं आणि त्यांना पाहून तो दारातच उभा राहिला. आतून मालनबाईने विचारलं, "कोण आहे रे?" आणि मग, "येऊ दे त्यांना."

अप्पाराव खाली मान घालून बसले. आधी हात जोडले. "अक्का, काल जे बोललो ते सगळं झूट होतं. मला काय ठाऊक नव्हतं न् मी बोललो. ते तोंडाचं पाप आहे माझ्या." मग त्यांनी पिशवीतून हिरव्या कव्हरचं पुस्तक काढून टीपॉयवर ठेवलं आणि शेजारी तिन्ही तिकिटं ओळीने मांडली.

"हे त्यांचं जायचं. हे त्यांचं परत यायचं. आन् हे," त्यांनी अर्ध्या तिकिटावर बोट ठेवलं, "तुमचं."

मालनबाई वाकली. चष्मा डोळ्यांजवळ घेतला.

"तिन्ही एकाच दिवशी मुंबईत काढले. मागं शिक्का बघा. मी तीस वर्षं तिकिटं फाडलो, अक्का. हाफ तिकीट म्हणजे काय ते माझ्याएवढं कुणाला ठाऊक नसेल. माय मांडीवर घेऊन लपवते, बाप म्हणतो पाच वर्षाचं बी झालं नाही, दहा वर्षाच्या पोराला वाकवून बसवतात. हाफ तिकीट कुणी मागितल्याबिगर काढत नाही. आन् ह्यांनी इकडून निघायच्या आधी, तुम्ही तिकडं असताना, कुणी मागायला नसताना, पैसे मोजून काढलं. जागा राखली तुमची. तुम्हाला आणायचंच होतं त्यांना."

रस्त्यावरून कोचिंगला निघालेल्या पोरांचा गलका वर येत होता. मालनबाईने ते छोटं कार्ड उचललं, उलट केलं, सुलट केलं. "मग आले का नाहीत?" तिने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

अप्पारावांच्या जिभेवर गोष्ट आली. ताप भरला होता, धक्क्यावर चक्कर आली, लोकांनी धरून घरी नेलं, शेवटपर्यंत मालू मालू करत होते. सगळी तयार, आणि बहुधा खरीच. त्यांनी ती गिळली.

"तिकिटावर लिवलेलं नाही, अक्का. लिवलंय तेवढंच सांगतो. तुमचं तिकीट काढलं होतं."

मालनबाई रडली ती तेव्हा. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी, आणि विवेक कधी नव्हे तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला. सदुसष्टाव्या वर्षी आत्याची भाकरी तिच्या गळ्याखाली उतरली. पाहणाऱ्याला वाईट वाटावं असं ते रडणं नव्हतं, पण अप्पारावांना मान वर करवेना.

डोळे पुसून झाल्यावर तिने तिकीट पुढे केलं. "ह्याला भोक नाही."

"नाही. तुम्ही चढलाच नाही ना."

"मग पाडा," मालनबाई म्हणाली. "काल तुमच्या हातात ते यंत्र होतं. फार थांबले हो मी बंदरावर."

पंच पिशवीतच होता. अप्पारावांनी तो काढला आणि हातात धरून राहिले. मुकुंदरावांची काचेची पेटी त्यांच्या डोळ्यांपुढे आली नाही असं नाही. खाली मोठ्या अक्षरातलं नावही आलं. भोक पडलं की ह्या तिकिटाला तिथे जागा नव्हती. आणि अडुसष्ट सालची ती बस, तो म्हाताराही आला. मग त्यांनी कार्डाचा कोपरा नीट पंचात धरला, घाईच्या गाडीत धरतात तसा नाही, सावकाश, आणि दाबला.

टक्क.

"रैट," अप्पाराव म्हणाले. गाडी सोडताना तीस वर्षं हजारदा ओरडलेला शब्द, आज पहिल्यांदा हळू आवाजात म्हटला.

मालनबाईने तिकीट मुठीत घेतलं आणि मूठ पदराखाली नेली. "उतरताना काढून घेतात म्हणालात ना? मी नाही देणार हं," ती म्हणाली.

उरलेली दोन तिकिटं आणि पुस्तक तिथेच ठेवून अप्पाराव बसने घरी आले. जयवंता काही विचारणार तेवढ्यात त्यांनी रजिस्टर मागितलं, पुस्तक नंबर एकेचाळीसचं पान काढलं, आणि अर्ध्या तिकिटापुढे शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात बॉलपेनने लिहिलं: 'मालू, वय सात. चढली.'